कॉम्प्युटरला कामाला लावणाऱ्या बाया



आपल्या दवनीवाड्यात बचत गटाच्या बैठकीत पोरींच्या शिक्षणाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. पोरीला कॉम्प्युटर शिकवायचा का, आणि शिकवायचा तर काय शिकवायचं? बहुतेक घरांतून उत्तर येतं, एमएस-सीआयटी करून टाकू, अर्जाला प्रमाणपत्र लागतं. ते बरोबरच आहे. त्यात कॉम्प्युटर वापरायचा कसा हे कळतं. अर्ज टाइप करणं, तक्ता मांडणं, ईमेल पाठवणं जमतं. आज आपण त्याच्या पुढचं बोलू. कॉम्प्युटरला आपल्या मनाजोगं काम सांगायचं कसं, याबद्दल बोलू. वाढलेलं जेवता येणं वेगळं आणि स्वतः रांधता येणं वेगळं, तसाच हा फरक आहे.

कॉम्प्युटरला कामाच्या सूचना लिहून देणं म्हणजे प्रोग्रामिंग. कोणी त्याला कोडिंग म्हणतात. नाव ऐकलं की वाटतं, हे शहरातल्या, इंग्रजी शिकलेल्या पोरांचं काम. पण या विद्येचा इतिहास पाहिला तर जागोजागी बाया भेटतात. आणि आणखी एक गोष्ट दिसते. बाईनं केलेलं काम दरवेळी ‘हलकं’ ठरवलं गेलं. हा इतिहास आपल्या पोरींसाठी माहीत असायला हवा, म्हणून आजचं हे बोलणं.

मागावरचे भोकं पाडलेले पुठ्ठे

सुरुवात कापडापासून करू. आपला गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्या जुन्या भंडारा जिल्ह्याचं कोशाचं कापड आणि विदर्भाची करवत काठीची साडी आपल्या ओळखीची आहे. करवतीच्या दात्यांसारखा काठ विणताना कोणता धागा वर, कोणता खाली, हे दर फेऱ्याला ठरलेलं असतं. एक फेरा चुकला तर दाता मोडतो. विणकराच्या डोक्यात सूचनांची लांब यादी असते आणि हात त्या क्रमानं चालतात.

फ्रान्समधल्या लियों शहरात झाकार नावाच्या माणसानं १८०४ साली ही यादी डोक्यातून काढून पुठ्ठ्यावर आणली. पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एका पुठ्ठ्यानं एक फेरा, आणि असे शेकडो पुठ्ठे ओळीनं शिवले की फुलापानांची नक्षी तयार. माग तोच, पण पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते. यंत्र एक आणि सूचना वेगळ्या, ही कॉम्प्युटरची मूळ कल्पना इथं दिसते.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं हेच पुठ्ठे वापरून आकडेमोड करणाऱ्या मोठ्या यंत्राचा आराखडा केला. १८४३ साली एडा लव्हलेस नावाच्या बाईनं त्यावर टिपा छापल्या आणि एक अवघड गणित त्या यंत्राकडून कसं करवून घ्यायचं, त्याच्या पायऱ्या क्रमानं मांडल्या. मागावर फुलं विणतात तसं हे यंत्र गणित विणेल, अशी तिची समजूत होती. यंत्र पुरं झालंच नाही, पण त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचना मागं राहिल्या. म्हणून जगातली पहिली प्रोग्रामर म्हणून तिचं नाव घेतात.

सहा बाया, ज्यांची नावं कोणी सांगितली नाहीत

पुढं शंभर वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एनिॲक नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर तयार झाला. त्याला काम सांगायला १९४५ साली सहा तरुणी निवडल्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे हातात दिले आणि त्यांनी त्यावरून स्वतः उमजून घेतलं. शेकडो तारा आणि बटणं जोडून त्या यंत्राला सूचना द्यायच्या.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक जगाला दाखवला. वर्तमानपत्रांनी वाखाणला. यंत्र बांधणाऱ्या पुरुषांची नावं झाली, पण त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या या सहाजणींची झाली नाहीत. यंत्र बांधणं हे मोठं काम आणि त्याला सूचना देणं हे कारकुनी, असा तेव्हाचा समज. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीनं जुने फोटो पाहून विचारलं, या बाया कोण? तर तिला उत्तर मिळालं, शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असतील! तिनं पाठपुरावा केला, आणि मग कुठं जगाला ही नावं कळली.

बायांनो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई असते, आणि शेतकरी म्हटलं की सातबाऱ्यावरचं नाव डोळ्यांसमोर येतं.

आकडे गेले, शब्द आले, पण इंग्रजी

सुरुवातीला कॉम्प्युटरला सगळं आकड्यांत सांगावं लागे. ग्रेस हॉपर नावाच्या बाईंनी १९५० च्या दशकात आग्रह धरला की सूचना शब्दांत लिहिता आल्या पाहिजेत, म्हणजे सामान्य माणसालाही त्या समजतील. कॉम्प्युटर काय ते शब्द समजणार, म्हणून लोकांनी आधी विश्वास ठेवला नाही. त्यांनी करून दाखवलं. दार मोठं झालं.

पण ते शब्द इंग्रजी होते. शिवाय एक स्वल्पविराम चुकला, एक अक्षर गाळलं तरी सगळं अडून बसायचं. इंग्रजी न येणाऱ्याला आणि लहान मुलाला हे दार बंदच राहिलं. ते उघडण्याची खटपट पुढं सुरू झाली, आणि आपल्या विषयातले ठोकळे तिथूनच आले.

अंगणातलं कासव आणि राडियाचे पत्ते

१९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा केली. त्यात पुढं एक कासव आलं. आधी जमिनीवर चालणारं यंत्राचं कासव, मग पडद्यावरचं. ‘पुढं जा’, ‘उजवीकडे वळ’ असं सांगायचं आणि कासव रेघ काढत जायचं. पॅपर्ट मुलांना म्हणत, कासवाला चौकोन काढायला कसं सांगायचं ते कळत नसेल तर स्वतः कासव हो आणि चालून बघ. पायांनी चाललं की डोक्याला कळतं. आकृती चुकली तर मुलाला ‘तुझं चुकलं’ म्हणायचं नाही. सूचनांत चूक कुठं दडली ते दोघांनी मिळून हुडकायचं. शाळेत चुकीला छडी मिळते, इथं चूक हुडकणं हाच खेळ.

पण लोगोतही शब्द टाइप करावे लागत. तीन-चार वर्षांच्या लेकरानं काय करावं? याचं उत्तर १९७० च्या दशकात राडिया पर्लमन या विद्यार्थिनीनं शोधलं. तिनं आधी कासवासाठी बटणांची पेटी केली. मग लांब रंगीत खोकी केली आणि त्यांत पत्ते खोचायच्या खाचा ठेवल्या. प्रत्येक पत्त्यावर एक सूचना. लेकरानं हवे ते पत्ते क्रमानं खोचायचे आणि बटण दाबायचं. कासव एकेक सूचना पाळत जाई, आणि कोणत्या पत्त्याचं काम चालू आहे ते तिथला दिवा लागून दिसे. अक्षर लिहायची गरज नाही. सूचना हातात धरता येते, उचलून दुसरीकडे ठेवता येते. आजच्या ठोकळ्यांची ही आजीच म्हणा.

मग राडियानं हे काम पुढं का नेलं नाही? तिनंच नंतर सांगितलं आहे. आजूबाजूला बायका फार कमी होत्या, तिला शास्त्रज्ञ म्हणून मान हवा होता, आणि लहान लेकरांत रमलेली बाई म्हटलं की लोक तो मान देणार नाहीत असं तिला वाटलं. तिनं ते काम सोडलं. पुढं १९८५ च्या सुमारास कॉम्प्युटरची जाळी एकमेकांना जोडताना निरोप गोल गोल फिरत राहू नयेत, याची युक्ती तिनं शोधली आणि ती जगभर वापरली गेली. म्हणजे बुद्धीत कमी नव्हतीच. लेकरांना शिकवणं हे हलकं काम, या समजानं तिला तिथून उठवलं. अंगणवाडीत काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे पटकन समजेल.

मद्रासची रांगोळी

हे तिकडं चालू असताना आपल्या देशात काय होतं? १९७४ साली मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजशी जोडलेले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी एक शोधनिबंध छापला. विषय होता, तमिळ बाया दारात काढतात ती ठिपक्यांची रांगोळी, म्हणजे कोलम. लहान नक्षीतून मोठी नक्षी वाढवताना बाया कोणते नियम पाळतात, ते त्यांनी कॉम्प्युटरशास्त्राच्या भाषेत मांडून दाखवलं. त्या तिघांत दोघी बाया होत्या, आणि ज्यांच्या नक्षीचा अभ्यास झाला त्याही बायाच.

ठिपके मांडायचे, एक वळण ठरवायचं, ते चार बाजूंना तसंच फिरवायचं, कडेला आलं की वळायचं. आपण सणाला दारात हेच करतो. त्यात क्रम आहे, पुन्हा पुन्हा करणं आहे, आणि ‘जर असं झालं तर तसं कर’ हेही आहे. प्रोग्रामिंगचे तीन पाय हेच.

ठोकळे आले

२००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटानं ‘स्क्रॅच’ जगापुढं ठेवलं. फुकट. पडद्याच्या एका बाजूला रंगीत ठोकळे असतात. प्रत्येकावर एक सूचना. ते ओढून एकाखाली एक जोडायचे. ठोकळ्यांना खाचा असतात, म्हणून न जुळणारा ठोकळा बसतच नाही. स्वल्पविरामाची भानगड संपली. ‘पुन्हा पुन्हा कर’ हा ठोकळा तोंड उघडलेल्या चिमट्यासारखा असतो. त्याच्या पोटात जे ठोकळे ठेवाल ते तितक्या वेळा होतात. ठोकळ्यावरचे शब्द दुसऱ्या भाषेत करता येतात, आणि स्क्रॅच सत्तरहून अधिक भाषांत गेलं आहे. २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या लेकरांसाठी ‘स्क्रॅच ज्युनियर’ आलं. त्यातल्या ठोकळ्यांवर फक्त चित्रं आहेत. राडियाचे पत्ते चाळीस वर्षांनी पडद्यावर परत आले म्हणायचे.

आपल्या मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकारानं ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाची शाळेची पुस्तकं तयार झाली. त्यांच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यावर फरीदा खान, मालती बारू, विजयालक्ष्मी चित्ता, उषा विश्वनाथन यांचीही नावं आहेत. तेजस आणि ज्योती ही दोन मुलं आणि मॉझ नावाचा उंदीर बोलत बोलत शिकतात. आधी रोजच्या कामाच्या पायऱ्या क्रमानं मांडायला शिकवायचं, आणि मग स्क्रॅचचे ठोकळे. पुस्तकं सगळ्यांना वापरायला मोकळी ठेवली. आधी विचार आणि मग यंत्र, हा क्रम आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

धारावीच्या पोरी

आता या सगळ्यातली आम्हाला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. २०१० साली गुगलनं ‘ॲप इन्व्हेंटर’ आणलं. पुढं ते एमआयटीकडं गेलं. यात ठोकळे जोडून मोबाइलचं ॲप बनवता येतं. मुंबईच्या धारावीत नवनीत रंजन या चित्रपट-दिग्दर्शकानं २०१४ साली ‘धारावी डायरी’ नावाचा उपक्रम सुरू केला. तिथल्या वस्तीतल्या शाळकरी पोरी मोजक्या लॅपटॉपांवर आळीपाळीनं हे ठोकळे शिकल्या. टेक्नोव्हेशन ही मुलींसाठीची जागतिक स्पर्धा आहे. तिच्यासाठी त्यांनी ॲप तयार केली.

त्यांनी काय बनवलं ते ऐका. एका गटानं बाईच्या सुरक्षेचं ॲप केलं. संकटात मोठा आवाज होतो, आपल्या माणसांना मेसेज जातो, आपण कुठं आहोत ते कळतं. दुसऱ्या गटानं ‘पाणी’ नावाचं ॲप केलं. सार्वजनिक नळाच्या रांगेत मोबाइलवरूनच नंबर लावायचा, आणि आपली पाळी आली की कळायचं, म्हणजे तासन् तास हंड्याजवळ उभं राहायला नको. तिसऱ्या गटानं ‘पढाई’ नावाचं अभ्यासाचं ॲप केलं.

पाण्याच्या रांगेत कोण उभं राहतं? पोरगी. तिची शाळा बुडते. म्हणून ते ॲप तिलाच सुचलं. मोठ्या कंपनीतल्या माणसाला ते सुचायचं कारण नव्हतं, कारण तो कधी त्या रांगेत उभा राहिला नाही. ठोकळ्यांनी त्या पोरींना इंग्रजी शिकवलं नाही की श्रीमंत केलं नाही. ज्याचं दुखणं त्याला औषध घडवता यावं, एवढी सोय केली. तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

आपल्या गावात कसं करता येईल

कॉम्प्युटर नसतानाही सुरुवात होते. आम्ही काही रीती सांगतो. गटाच्या बैठकीत किंवा रविवारी पोरींना जमवून करून पाहा.

पहिली, अंगणातलं कासव. एक पोरगी कासव होईल, बाकीच्या सूचना देतील. ‘पाच पावलं चाल, उजवीकडे काटकोनात वळ.’ हे चार वेळा केलं की चौकोन होतो. कासवानं स्वतःची अक्कल वापरायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. भिंतीपाशी गेली तर हसायचं नाही, कोणती सूचना सुटली ते हुडकायचं.

दुसरी, पुठ्ठ्याचे ठोकळे. जुन्या खोक्याचे तुकडे कापा आणि त्यावर मराठीत लिहा. आता रोवणीच मांडून पाहा. ‘पुन्हा पुन्हा कर’ या मोठ्या तुकड्याच्या पोटात ठेवा: ‘पऱ्हे घे’, ‘चिखलात रोव’, ‘एक पाऊल मागं सर’. मग एक ‘जर’चा तुकडा: ‘जर पेंडी संपली, तर नवी पेंडी सोड’. आणि शेवटचा: ‘जर धुऱ्याला टेकलीस, तर थांब’. हा शेवटचा तुकडा विसरला तर काय होईल, हे पोरींना विचारा. रोवणारी धुरा ओलांडून मागं मागं जातच राहील! कॉम्प्युटरही तसाच, थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही.

तिसरी, पाठमोरी रांगोळी. पाच बाय पाच ठिपके काढा. एकीनं नक्षी कागदावर पाहून सांगायची, दुसरीनं तिच्याकडं पाठ करून काढायची. सांगणारीच्या लगेच लक्षात येतं की ‘थोडं इकडं घे’ म्हणून चालत नाही. नेमकं सांगावं लागतं.

चौथी, गटाचा हिशेब. एक डबी घ्या, तिच्यावर ‘शिल्लक’ लिहा, आत कागदाच्या चिठ्ठीवर ० लिहून टाका. सूचना अशी: ‘१० वेळा कर: शिल्लकीत १०० मिळव’. दहा बायांची बचत १००० झाली. आता ‘जर तारीख उलटली, तर दंडाचे १० मिळव’. दर वेळी जुनी चिठ्ठी काढून नवी टाकायची. कॉम्प्युटरच्या आत आकडा असाच एका नावाच्या खणात राहतो. गटाची वही लिहिणारी बाई हे पोरींना कोणत्याही मास्तरापेक्षा चांगलं शिकवेल.

एवढं झालं की पडदा. शाळेत कॉम्प्युटर असेल तर गुरुजींना, बाईंना स्क्रॅचबद्दल विचारा. घरी फक्त फोन असेल तर ‘पॉकेट कोड’ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात अँड्रॉइड फोनवरच ठोकळे जोडता येतात.

कोणाच्या हातात?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग शिकवावं असं म्हटलं आहे. म्हणजे आज ना उद्या ही विद्या आपल्या शाळांतही पोचणार. पण शाळेत पोचली म्हणजे पोरीपर्यंत पोचली, असं नाही. एका कॉम्प्युटरभोवती पाच लेकरं बसली की माऊस कोणाच्या हातात असतो आणि मागून डोकावून कोण बघतं, हे आपण जाणतो. घरात फोन एकच असतो, तो आधी पोराकडं जातो. पोरीला सांगतात, भांडी झाली की घे. भांडी होतात तोवर बॅटरी संपलेली असते.

एनिॲकच्या सहाजणींकडं यंत्र होतं, त्यांचं नाव गेलं. राडियाकडं कल्पना होती, तिला मान मिळेल असं वाटलं नाही. आपल्या पोरींना निदान पाळी तरी मिळाली पाहिजे. म्हणून गटानं एक साधा नियम करावा असं आम्हाला वाटतं. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं, आणि पहिली पाळी पोरीची. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी ज्या आहेत, त्यांनी शाळेतही हीच पाळी मागावी.

आणि पुढच्या बैठकीत पोरींना एक प्रश्न विचारा: आपल्या गावातलं असं कोणतं काम आहे, ज्यात तुझा वेळ उगीच जातो? उत्तरं वहीत उतरवून ठेवा. धारावीच्या पोरींना पाण्याची रांग सुचली होती. आपल्या पोरींना काय सुचतं ते आम्हाला कळवा, आपण ते या कार्यक्रमात वाचू.